वाड्यांत भरलेल्या शाळा



स्मरणिका समितीने माझ्यावर सोपवलेले काम वरवर सोपे होते. आपल्या १९८४च्या तुकडीतले निम्मे लोक आता पुण्याबाहेर, काही देशाबाहेर. मेळाव्याला येताना बरेच जण मुलांना, सुनांना, जावयांना घेऊन येणार. “तू अजून पेठेतच राहतोस. तेव्हा जुन्या पुण्यात पाहण्यासारखी तुझ्या आवडीची ठिकाणे लिही. चार पाने पुरेत,” असे मला सांगण्यात आले.

मी यादी करायला बसलो. शनिवारवाडा, लाल महाल, कसबा गणपती, विश्रामबागवाडा, तुळशीबाग, मंडई. यादी दोन मिनिटांत झाली आणि ती पाहून माझी मलाच लाज वाटली. ही यादी कोणताही रिक्षावाला तुम्हाला देईल. मग आठवण झाली ती आठवीतल्या एका शनिवारची आणि आपल्या एका वर्गमित्राने शनिवारवाड्यात विचारलेल्या प्रश्नाची. त्याचे नाव मी त्याच्याच सांगण्यावरून लिहीत नाही, पण तुम्ही ओळखालच. तो गंज पेठेतून चालत यायचा, आणि त्याचे वडील मंडईत हमाली करायचे.

आपल्या इतिहासाच्या सरांनी वर्गाला शनिवारवाडा दाखवायला नेले होते. गणेश रंगमहालाच्या जोत्यावर उभे राहून सर सांगत होते की १० जानेवारी १७३० रोजी थोरल्या बाजीरावांनी पायाभरणी केली आणि १७३२च्या जानेवारीत वास्तुशांत झाली. मग त्यांनी पाच दरवाजे मोजून दाखवले. दिल्ली दरवाजा, मस्तानी दरवाजा, खिडकी दरवाजा, गणेश दरवाजा आणि नारायण दरवाजा. तेवढ्यात मागून आवाज आला, “सर, आमच्याकडच्यांना यातल्या कुठल्या दरवाज्यानं येऊ द्यायचे?”

वर्ग हसला. मीही हसलो, हे आज कबूल करतो. सर हसले नाहीत. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, “याचं उत्तर पुढच्या शनिवारी देतो.”

पुढच्या शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर त्यांनी आपल्याला पुन्हा बाहेर काढले, पण शनिवारवाड्याकडे नेले नाही. त्या दिवशी आपण जे पाहिले, त्याला जोडून गेल्या चाळीस वर्षांत मी जे वाचले आणि पाहिले, ते सगळे या लेखात आहे. माझ्या आवडीची ठिकाणे हीच. आपल्या गावातल्या सत्तेच्या वाड्यांच्या हळूहळू शाळा झाल्या आणि त्या शाळांची दारे कोणासाठी कधी उघडली, हे या ठिकाणांवरून कळते.

आधी शनिवारवाडा, कारण तो चुकवता येत नाही

पाहुण्यांना तो दाखवावाच लागतो. पण आत काय पाहायचे, हे आधी सांगून ठेवा, म्हणजे मुले हिरमुसणार नाहीत. दिल्ली दरवाज्याचे अणकुचीदार खिळे, त्यावरचा नगारखाना, तट आणि बुरूज हे सगळे भक्कम आहे. आतला लाकडी वाडा मात्र फेब्रुवारी १८२८मध्ये लागलेल्या आगीत जळून गेला. उरली ती दगडी जोती, कारंज्यांचे हौद आणि पाण्याचे नळ. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा खून इथे झाला. मुले त्याचीच गोष्ट मागतात, ती सांगा. पण सांगून झाल्यावर त्यांना त्या जोत्यांवर उभे करा आणि विचारा, की एवढ्या मोठ्या वाड्यात रोज पाणी भरणारे, घोड्यांना चारा घालणारे, दिवे लावणारे लोक कुठून येत असतील? त्यांची मुले काय शिकत असतील? आपल्या मित्राचा प्रश्न याच जातीचा होता.

वाड्याच्या बाहेर पडले की जवळच नानावाडा आहे. १७८०च्या सुमारास नाना फडणविसांनी तो राहण्यासाठी बांधला. उत्तर पेशवाईचा कारभार ज्या माणसाच्या डोक्यावर चालला, त्याचे हे घर. आतल्या दिवाणखान्याचे लाकडी खांब आणि भिंतींवरची जुनी चित्रे आवर्जून पाहा. पुढे या वाड्याच्या आवारात अनेक वर्षे शाळा भरली. आपल्यातल्या काहींचे वडील-काका तिथेच शिकले. ज्या चौकात साम्राज्याचे हिशेब तपासले जात, तिथे दोन पिढ्यांनी त्रैराशिक सोडवले. मला ही गोष्ट गणेश रंगमहालापेक्षा मोठी वाटते.

कसबा आणि बाहुलीचा हौद

लाल महाल आज दिसतो तो महापालिकेने अलीकडे, १९८०च्या दशकात नव्याने उभारलेला आहे. मूळ वास्तू कधीच नाहीशी झाली. पण जागेचे महत्त्व आहेच. बाल शिवाजी जिजाऊंसोबत या परिसरात राहिले, आणि एप्रिल १६६३मध्ये शाहिस्तेखानाला महाराजांनी इथेच गाठले. दोन पावलांवर कसबा गणपती, पुण्याचे ग्रामदैवत. विसर्जन मिरवणुकीत पहिला मान त्याचा. हात जोडा आणि पुढे चला.

फरासखान्यापाशी थांबा. फरासखाना म्हणजे पेशव्यांचे तंबू, राहुट्या, बिछायती ठेवण्याची जागा. आपल्यासाठी मात्र ती पोलीस चौकी. त्याच्या जवळ एक लहानसा दगडी हौद आहे, बाहुलीचा हौद. आपण शाळेत असताना हे नाव पत्ता सांगण्यापुरतेच वापरत होतो.

हा हौद बांधला डॉ. विश्राम रामजी घोले यांनी, आपल्या मुलीच्या स्मरणार्थ. डॉ. घोले हे नावाजलेले शल्यचिकित्सक आणि जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजातले सहकारी. शिवाजीनगरचा घोले रस्ता त्यांच्याच नावाचा. त्यांची लेक काशी. तिला त्यांनी शिकवायला घेतले, आणि ते नातलगांना आणि समाजाला रुचले नाही. पुण्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात, की त्या चिमुरडीला खाण्यातून काचा घालण्यात आल्या आणि ती गेली. बापाने तिच्या नावाने पाण्याचा हौद बांधला, आणि तो सगळ्या जातींच्या लोकांसाठी खुला ठेवला. त्यावर मुलीची लहानशी मूर्ती होती, म्हणून लोक त्याला बाहुलीचा हौद म्हणू लागले.

कात्रजच्या तलावातून नळाने शहरात पाणी आणण्याचे मोठे काम नानासाहेब पेशव्यांच्या काळात झाले. त्या पाण्यावर पेठोपेठी हौद भरत. पण पाणी सगळ्यांसाठी येत असले, तरी हौद सगळ्यांसाठी नसत. म्हणून या हौदाला मी फार मानतो. आज त्यात कोणी घागर बुडवत नाही, जाणाऱ्या-येणाऱ्याचे लक्षही जात नाही. आपल्या मुलींना, नातींना तिथे दोन मिनिटे उभे करा. ज्या गावात आज मुलींच्या निकालाच्या बातम्या पहिल्या पानावर येतात, त्याच गावात शाळेत जाण्याची किंमत एका मुलीने काय मोजली असे लोक सांगत आले आहेत, हे त्यांना कळू द्या.

अप्पा बळवंत चौक

तिथून आपल्या ओळखीच्या चौकात या. जूनमध्ये पुस्तकांच्या याद्या हातात घेऊन आपण सगळे इथेच आलो आहोत. जुनी पुस्तके अर्ध्या किमतीत घ्यायची, वर्षअखेरीला तीच पुन्हा विकायची, खाकी कागदाचे ताव आणि नावाच्या चिठ्ठ्या घरी न्यायच्या. अजूनही चौक तसाच आहे, फक्त स्पर्धा परीक्षांची पुस्तके जास्त झाली.

हा अप्पा बळवंत कोण, हे आपल्यातल्या कितीजणांना ठाऊक होते? हे अप्पा बळवंत मेहेंदळे, पेशव्यांचे सरदार. त्यांचे वडील बळवंतराव मेहेंदळे पानिपतच्या मोहिमेत, मुख्य लढाईच्या आधीच, डिसेंबर १७६०मध्ये धारातीर्थी पडले. अप्पांचा वाडा या चौकात होता. तलवारीवर जगणाऱ्या घराण्याचे नाव आज महाराष्ट्रभर गाइडांसाठी आणि क्रमिक पुस्तकांसाठी ओळखले जाते. पुण्याने आपल्या एका सरदाराला दिलेला यापेक्षा चांगला मान मला तरी माहीत नाही.

चौकापासून जवळ, बुधवार चौकाकडे, पुणे नगर वाचन मंदिर आहे. १८४८ साली ‘पुना नेटिव्ह जनरल लायब्ररी’ या नावाने ते बुधवारवाड्यात सुरू झाले. बुधवारवाडा हा दुसऱ्या बाजीरावाचा. मे १८७९च्या आगीत तो संपूर्ण जळाला. आज त्याची एक भिंतही उभी नाही. वाडा गेला, ग्रंथालय टिकले. आणि ते १८४८ हे वर्ष लक्षात ठेवा, पुढे लागेल.

विश्रामबागवाडा

त्या दुसऱ्या शनिवारी सरांनी आपल्याला आधी इथे आणले होते. रस्त्याच्या पलीकडे सगळ्यांना रांगेत उभे करून म्हणाले, “आधी नुसतं बघा.” तेव्हा आपण फारसे पाहिले नाही. मुलांचे डोळे शेजारच्या भेळेच्या गाडीकडे. पण पाहण्यासारखे आहे ते. पुढचा लाकडी सज्जा, सुरूच्या झाडासारखे वर निमुळते होत जाणारे खांब, त्यांच्यावरची केळफुले, महिरपी. दुसऱ्या बाजीरावाने एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हा वाडा राहण्यासाठी बांधला. नावाप्रमाणे विश्रांतीचा वाडा. विश्रांती फार काळ लाभली नाही. नोव्हेंबर १८१७मध्ये शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण लागले आणि पेशवाई संपली.

पुढे जे झाले ते शाळेच्या इतिहासात बसते. पेशवाईत श्रावणात ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. ही प्रथा सेनापती खंडेराव दाभाड्यांनी सुरू केली आणि नंतर पेशव्यांनी मोठ्या प्रमाणावर चालवली. इंग्रज आल्यावर एल्फिन्स्टनने ती एकदम बंद न करता तिच्यातला काही पैसा शिक्षणाकडे वळवला. त्यातून ६ ऑक्टोबर १८२१ रोजी विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. राजवाड्याची शाळा झाली. पण त्या पाठशाळेत सुरुवातीला शिकत होते ते ब्राह्मण विद्यार्थीच. वाड्याचा मालक बदलला, दरवाज्यातून आत जाणारे फारसे बदलले नाहीत.

याच पाठशाळेचे १८५१मध्ये पुना कॉलेज झाले आणि त्यातूनच पुढे डेक्कन कॉलेज उभे राहिले. वाड्याने नंतर अनेक भूमिका केल्या. १८७९च्या आगीची झळ यालाही लागली, पुढे अनेक वर्षे नगरपालिकेचे कार्यालय इथे होते, पोस्ट ऑफिस होते. आपण जन्मदाखल्याच्या नाहीतर तिकिटांच्या निमित्ताने याचे जिने चढलेलो आहोत किंवा आपले आईवडील तरी चढले आहेत.

पण सरांनी आपल्याला इथे उभे केले ते १६ नोव्हेंबर १८५२च्या एका प्रसंगासाठी. त्या दिवशी या वाड्यात पाठशाळेचे प्रमुख मेजर कँडी यांच्या हस्ते सरकारतर्फे एका पंचवीस वर्षांच्या तरुणाला शालजोडी देऊन सत्कार झाला. तो तरुण ब्राह्मण नव्हता. फुलांचा व्यवसाय करणाऱ्या माळी घराण्यातला होता. जोतीराव फुले. मुलींच्या आणि अस्पृश्यांच्या शिक्षणासाठी केलेल्या कामाबद्दल हा सत्कार होता. त्यांच्या शाळांना पुढे दक्षिणा फंडातूनही मदत मिळाली. श्रावणात पेशव्यांकडून वाटला जाणारा पैसा मुलींच्या पाटीपेन्सिलीपर्यंत पोहोचला.

सहज पोहोचला नाही. १८४९मध्ये काही सुधारकांनी अर्ज केला, की दक्षिणेतला काही भाग चांगले मराठी ग्रंथ लिहिणाऱ्यांना द्यावा, मग लेखक कोणत्याही जातीचा असो. त्यावर शहरात इतका क्षोभ झाला, की अर्ज देणाऱ्यांना मारहाणीची भीती वाटू लागली. तेव्हा त्यांच्या संरक्षणाला फुले आपल्याबरोबर कष्टकरी लोकांचा जमाव घेऊन गेले. हे सांगून सर थांबले आणि आपल्या त्या मित्राकडे पाहून म्हणाले, “ह्या दरवाज्यातून आले बघ.”

१८५३मध्ये फुल्यांच्या शाळांतल्या मुलींची जाहीर परीक्षा पुना कॉलेजात झाली. मुली वाचतात, हिशेब करतात हे डोळ्यांनी पाहायला गावातून मोठी गर्दी लोटली होती. लक्ष्मी रस्त्यावर खरेदीला जाताना मी या वाड्यावरून जातो तेव्हा मला बाजीरावापेक्षा ती गर्दी जास्त दिसते.

भिडेवाडा

तिथून सर आपल्याला चालवत दगडूशेठ गणपतीच्या समोर घेऊन गेले. रस्त्यापलीकडे एक जुनाट इमारत, खाली दुकाने, वर कलंडलेल्या खिडक्या. “हा भिडेवाडा,” सर म्हणाले. “१८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी इथे मुलींची शाळा काढली.”

आपण गोंधळलो. एवढ्याशा घरात? हिला दरवाजा तरी कुठे आहे? तटही नाही, नगारखानाही नाही. तात्यासाहेब भिड्यांनी आपल्या वाड्यातली जागा दिली, मोजक्या मुली आल्या, आणि शिकवायला सावित्रीबाई. अंगावर शेणमाती झेलत शाळेत येणाऱ्या सावित्रीबाईंची गोष्ट आपण सगळ्यांनी पाठ्यपुस्तकात वाचली होती. ती ज्या रस्त्यावर घडली तो आपल्या रोजच्या जाण्यायेण्याचा रस्ता होता, हे मात्र त्या दिवशी कळले.

१८४८. ज्या वर्षी बुधवारवाड्यात मान्यवरांसाठी ग्रंथालय उघडले, त्याच वर्षी हाकेच्या अंतरावर ही शाळा उघडली.

फुल्यांनी पुढे १८५२मध्ये वेताळ पेठेत, म्हणजे आजच्या गुरुवार पेठेत, अस्पृश्य मुलांसाठी शाळा काढली. त्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीने जेमतेम चौदाव्या वर्षी एक निबंध लिहिला. तो १८५५मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. तिने त्यात आपल्या आणि महारांच्या दुःखाबद्दल लिहिले. पेशवाईत तालीमखान्यावरून जाण्याचीही चोरी कशी होती आणि तेवढ्यासाठी माणसाच्या मस्तकाचा कसा खेळ होई, हे तिने लिहून ठेवले. आपल्या मित्राने शनिवारवाड्यात जो प्रश्न विचारला होता, त्याचे उत्तर एका शाळकरी मुलीने सव्वाशे वर्षे आधी लिहून ठेवले होते. सरांनी तो निबंध त्या दिवशी रस्त्यावर उभ्याउभ्या आपल्या शब्दांत सांगितला. बसचे हॉर्न वाजत होते, तरी वर्ग गप्प होता. त्या दिवशी कोणी हसले नाही.

आता ती इमारत नाही. न्यायालयातला वाद अनेक वर्षे चालला, इमारत मोडकळीला आली, आणि डिसेंबर २०२३मध्ये राष्ट्रीय स्मारकासाठी ती पाडण्यात आली. बातमी वाचून मित्राचा फोन आला. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघे गेलो. तो म्हणाला, “सरांनी मला नेमकं कुठं उभं केलं होतं, दाखव.” मला दाखवता आले नाही. चाळीस वर्षे तिथून रोज जातो, आणि एक इमारत गेल्यावर मला जागा सापडेना. आम्ही गणपतीच्या बाजूला उभे राहून बराच वेळ अंदाज बांधत होतो. शेवटी एका फुलवाल्याने विचारले, “काका, काय हरवलं का?”

स्मारक होईल, ते चांगलेच होवो. पण एक गोष्ट मनाला लागली. शनिवारवाड्याची जोती आपण जपली, कारण तो मोठ्यांचा वाडा होता. ज्या घरातून देशातल्या मुलींच्या शिक्षणाची वाट निघाली, ते घर दीडशे वर्षे आपल्या डोळ्यांसमोर असून आपण ते दुकानांच्या पाट्यांमागे राहू दिले. यात दोष कोणा एकाचा नाही. आपलाही आहे.

हुजूरपागा आणि मोरोबादादांचा वाडा

लक्ष्मी रस्त्याने पुढे आलात की हुजूरपागा. आपल्या वर्गातल्या कितीतरी मैत्रिणींच्या आया, मावश्या ‘हुजूरपागेच्या’. पागा म्हणजे तबेला, पेशव्यांच्या खासगीतले घोडे इथे बांधले जात. १८८४मध्ये न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर, वामनराव मोडक आदींच्या पुढाकाराने मुलींचे हायस्कूल निघाले, आणि त्या पागेच्या जागेने शाळेला नाव दिले. मुलींना इंग्रजी आणि गणित शिकवावे का, यावरून तेव्हा गावात केवढा वाद झाला! ‘केसरी’ आणि ‘मराठा’तून त्या अभ्यासक्रमावर कडक टीका झाली. ज्यांनी टीका केली त्यांनीच चार वर्षे आधी, २ जानेवारी १८८० रोजी, न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले होते. चिपळूणकर, टिळक, नामजोशी, आणि वर्षभराने येऊन मिळालेले आगरकर. त्यांचीही शाळा सुरू झाली ती वाड्यातच. तो वाडा होता नाना फडणविसांचे भाऊबंद आणि प्रतिस्पर्धी मोरोबादादा यांचा. पुढे १८८५मध्ये फर्ग्युसन कॉलेजचे पहिले वर्गही शनिवार पेठेतल्या गद्रे वाड्यात भरले.

म्हणजे पुण्यात भांडण शाळा असावी की नसावी याचे नव्हते. शाळा सगळ्यांनाच हवी होती. भांडण होते ते आत कोण बसणार आणि काय शिकणार, याचे. मला वाटते, ते अजून मिटलेले नाही. आता त्याला फी म्हणतात, माध्यम म्हणतात, ‘क्लास’ म्हणतात.

मंडई

तुळशीबागेतून मंडईला या. नारो अप्पाजी खिरे तुळशीबागवाल्यांनी बांधलेले राममंदिर गर्दीतून डोके वर काढून पाहा, त्याचा उंच कळस खरेदीच्या नादात दिसत नाही. मग मंडई. मधला अष्टकोनी मनोरा आणि त्याच्याभोवती पसरलेल्या दालनांची ही इमारत १८८६मध्ये ‘रे मार्केट’ म्हणून उघडली. गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव.

फुले तेव्हाच्या नगरपालिकेत सदस्य असताना त्यांनी या खर्चिक इमारतीला विरोध केला होता. एवढा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, असे त्यांचे म्हणणे होते. ते कोणी ऐकले नाही. आणि पुढे, १९३०च्या दशकात, आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना, त्याच इमारतीला नाव दिले गेले महात्मा फुले मंडई! पुणेकरांच्या विनोदबुद्धीचा हा नमुना म्हणायचा, की उशिरा मागितलेली माफी, हे ज्याचे त्याने ठरवावे. माझ्या मित्राचे वडील इथल्याच गाळ्यांवर पोती वाहत होते. त्या पोत्यांवर तो शिकला. तो सांगतो, “बाबांना हे माहीत असतं तर म्हणाले असते, बरोबर बोलला होता माणूस.”

मंडईतून पंधरा-वीस मिनिटे चालत गंज पेठेत गेलात, म्हणजे आजच्या महात्मा फुले पेठेत, तर फुलेवाडा आहे. लहानसे घर, अंगण, जोतीरावांची समाधी, आणि तो पाण्याचा हौद, जो त्यांनी १८६८मध्ये अस्पृश्यांसाठी खुला केला. शनिवारवाड्याच्या पाच दरवाज्यांपासून निघालेली माझी फेरी इथे थांबते. इथे दरवाज्याचा प्रश्नच नव्हता.

आपली शाळा

आपली शाळाही वाड्यातच सुरू झाली, हे शाळेच्या पहिल्या मजल्यावरच्या फळ्यावर लिहिलेले असायचे. भाड्याचे दोन मजले, पावसात गळणारे वर्ग, मधल्या चौकात प्रार्थना. नवी इमारत नंतर झाली. एकाच बाकावर सदाशिव पेठेतला, भवानी पेठेतला आणि गंज पेठेतला असे तिघे बसायचे, आणि डब्यांची अदलाबदल व्हायची. आपल्याला ते नैसर्गिक वाटायचे. त्यासाठी किती जणांनी किती भांडणे केली, शेण खाल्ले, मुलगी गमावली, हे आपल्याला एका सरांनी दोन शनिवारांत दाखवले. तो तास वेळापत्रकात नव्हता. परीक्षेतही नव्हता. माझ्या लक्षात राहिलेला इतिहास तेवढाच.

सर आता ऐंशीच्या पुढे आहेत. मेळाव्याला येणार, असा त्यांचा निरोप आहे. एवढे चालणे त्यांना झेपणार नाही, म्हणून मित्राने त्यांच्यासाठी रिक्षा ठरवली आहे. त्यांना थेट भिडेवाड्याच्या जागेपाशी आणायचे, आणि त्यांनी आपल्याला कुठे उभे केले होते, ते त्यांनाच विचारायचे.

तेव्हा पाहुण्यांसह यावे. मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, सकाळी साडेसहाला दिल्ली दरवाज्यापाशी जमायचे. पायात चालायची चप्पल असावी, पाण्याची बाटली बरोबर घ्यावी. साधारण तीन तास लागतील. मुलानातवंडांना मुद्दाम आणा, आणि त्यांनी अडचणीचे प्रश्न विचारले तर कोणी हसू नका. उत्तर येत नसेल तर सरांसारखे सांगा, पुढच्या शनिवारी देतो.